अंगण खरंच वाकडं आहे का, ते आधी बघू

पत्र:

दादा, मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते, वय 27, बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपासून पूल खेळते, टेबलावर स्टिकनं बॉल मारायचा तो. सुरुवातीला पार्लरचीच स्टिक वापरायची. मग लवकरच एका सीनियर खेळाडूची बंगळूरूला बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी आपली मेपल लाकडाची स्टिक मला 7,000 रुपयांत दिली. टोकाची कातडी टिप 13 मिलिमीटरची, वजन 19 औंस. तिच्यावर माझा हात बसला. गेल्या दिवाळीनंतर ऑफिसांच्या स्पर्धेत सेमीफायनलला गेले.

मार्चमध्ये एका मित्राचा कार्बनचा शाफ्ट, म्हणजे स्टिकचा पुढचा सुटा भाग, माझ्या स्टिकला लावून पाहिला. जोडायची पिन सारखीच निघाली. त्या रात्री जे मारलं ते गेलं! पुढच्या आठवड्यात पुन्हा मागून घेतला, तर साध्या शॉटला व्हाइट बॉल भलतीकडेच. तरी तो मनातून जाईना. कार्बन परवडत नाही म्हणून एप्रिलमध्ये 19,000 चा कमी डिफ्लेक्शनवाला लाकडी शाफ्ट घेतला, 11.8 मिलिमीटरचा. आता कधी जुना लावते, कधी नवा, कधी मित्राचा. जून लागल्यापासून खेळ पारच बिघडलाय.

सल्ला द्यायला सगळे तयार. एक म्हणतो, मुलींचा हात लहान, बारीकच शाफ्ट पाहिजे. दुसरा म्हणतो, स्नूकरची स्टिक घ्या. तिसरा म्हणतो, मॅडम, कार्बन घेऊनच टाका, 48,000 ला येतो, हप्ते पाडून घ्या. काल एक पोरगा सरळच बोलला, "काहो ताई, तीन-तीन शाफ्ट घेऊन हरून राहिल्या?" तिथे हसले. घरी येऊन रडले. दिवाळीनंतर पुन्हा स्पर्धा आहे. घेऊ का कार्बन? मित्र बाहेरगावी आहे, त्याचा शाफ्ट दोन आठवड्यांपासून माझ्याकडेच पडलाय, म्हणून मोह जास्तच होतो.

– त्रिमूर्तीनगरची एक खेळाडू

उत्तर:

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. कार्बन आत्ता घेऊ नका. दिवाळीनंतरची स्पर्धा होईपर्यंत तर नकोच. हप्त्यावर घेतलेल्या शाफ्टनं आठ नंबरचा बॉल मारायला वाकलं, की त्या बॉलच्या मागे हप्ता उभा दिसतो. हे मी अनुभवानं सांगतोय.

आता त्या पोराच्या बोलण्याविषयी. "नाचता येईना" ही म्हण आपल्याकडे कुणाच्याही तोंडावर फेकतात, आणि त्यानं तुम्हाला वेगळ्या शब्दांत तीच ऐकवली. मी ऐकवणार नाही, कारण आपल्या खेळात कधी कधी अंगण खरोखरच वाकडं असतं. तेव्हा पहिलं काम, अंगण तपासायचं.

स्टिक उघडा. जुना शाफ्ट एकटाच टेबलावर ठेवून हळू लोटा आणि डोळे टेबलाच्या कापडाच्या पातळीला आणून टोकाखालच्या उजेडाच्या फटीकडे बघा. फट एकसारखी राहिली तर शाफ्ट सरळ. उघडझाप झाली तर वाक आहे. मग पूर्ण स्टिक जोडून तेच करा. शाफ्ट सरळ आणि जोडलेली स्टिक मात्र डोलते, तर दोष जॉइंटमध्ये किंवा मागच्या जाड भागात, म्हणजे बटमध्ये आहे. लकडगंजात एका सुताराला फळी घेताना बघितलं होतं. एक डोळा मिटून, फळी नाकाशी धरून तो तिच्या कडेवरून असा बघत होता, जणू बंदूकच रोखली आहे. मी माझा शाफ्ट त्याच्या हातात दिला. पूल म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं दोनदा फिरवला आणि सांगितलं, "रेषा अजून सरळ आहे जी, पण याले पाणी लागलंय."

पाणी खरंच लागलं होतं. मे महिना, बाहेर 45 अंश, घरात कूलर. कोपऱ्यात जागा दिसली म्हणून मी स्टिक महिनाभर कूलरच्या झोताशेजारी भिंतीला टेकवून ठेवली होती. एका अंगाला ओली हवा, दुसऱ्या अंगाला तापलेली भिंत, आणि मधे बिचारं मेपल. जूनमध्ये तिथून उचलली तेव्हा टोकाशी केळीच्या पानाच्या दांड्याइतका बाक. ती चूक निव्वळ माझी. नागपूरकराच्या घरात लाकडी शाफ्टचा पहिला शत्रू कूलर, दुसरा उन्हात उभ्या गाडीची डिकी. स्टिक नेहमी उघडून, केसमध्ये, आडवी किंवा अगदी सरळ उभी ठेवा. भिंतीला तिरपी टेकवू नका.

तुमची मेपल दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे बघून बसली आहे. माझा अंदाज, ती सरळच निघेल. दोन वर्षांत जे वाकायचं असतं ते बहुधा वाकून झालेलं असतं.

आता खऱ्या गोष्टीकडे येऊ. मार्चमधली ती रात्र आणि पुढच्या आठवड्यातला तो घोळ, दोन्हींचं कारण एकच आहे.

व्हाइटला मधोमध मारलं तर तो स्टिक ज्या दिशेला आहे त्या दिशेला जातो. कुठलाही शाफ्ट असो, पार्लरची डोक्यावर बसकी टिप असलेली स्टिक असो, फरक नाही. बॉल फिरावा म्हणून मधोमध सोडून उजवीकडे मारलं, म्हणजे उजवी साइड दिली, की मात्र व्हाइट निघतानाच जरा डावीकडे सरकतो. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचा साधारण हजारावा भाग. तेवढ्या वेळात बॉल फिरू लागतो आणि शाफ्टचं टोक बाजूला ढकलतो. टोकाला जितकं वजन, तितका तो उलट दिशेला जास्त सरकतो. हेच ते डिफ्लेक्शन. यात वजन मोजलं जातं ते टोकाकडच्या वीतभर भागाचंच. मागची स्टिक कितीही जड असो, इतक्या कमी वेळात धक्का तिथवर पोहोचतच नाही. म्हणून कंपन्यांनी काय केलं? टोक आतून पोकळ केलं, टिपखालचं कडं, म्हणजे फेरूल, हलकं आणि आखूड केलं, जाडी कमी केली. प्रेडेटर कंपनीनं 1990 च्या दशकात असे लाकडी शाफ्ट बाजारात आणून सगळ्यांना विचारात पाडलं. कार्बनची लाट नंतरची, 2016-17 च्या सुमारास तिनं जोर धरला. युक्ती तीच, टोक हलकं करायचं. 'कार्बन कडक म्हणून सरळ जातो' असं तुमच्या पार्लरमध्ये कुणी सांगितलं असेल, तर ते मनावर घेऊ नका. कडकपणाचा यात फारसा संबंध नाही.

फरक किती पडतो म्हणाल? एक अंशाचा फरक म्हणजे पाच फुटांवर साधारण एक इंच. पूलचा बॉल 57 मिलिमीटरचा, सव्वादोन इंचाचा. म्हणजे एका अंशात जवळजवळ अर्धा बॉल गेला. शॉट चुकायला याच्या एक चतुर्थांशही पुरतो.

मग कमी डिफ्लेक्शनचा शाफ्ट चांगलाच की! यंत्राला विचारलं तर चांगलाच. यंत्राला मागचं काही आठवत नसतं. तुमच्या हाताला आठवतं. दोन वर्षांत 13 च्या मेपलनं तुम्हाला न विचारता शिकवलं, की उजवी साइड द्यायची तर नेम केसभर उजवीकडे धरायचा. हळू मारला तर इतका, जोरात मारला तर तितका. कारण स्टिकचं मागचं टोक नेहमी जरा वर असतं, त्यामुळे सरकलेला व्हाइट कापडावर वळण घेत साइडच्या दिशेला परत येतो. हळू शॉटला परत यायला वेळ मिळतो, जोरातल्या शॉटला मिळत नाही. हा सगळा हिशेब तुमच्या डोळ्यांत आणि कोपरात आहे. कागदावर मांडायला सांगितला तर तुम्हाला येणार नाही, मलाही येत नाही. याच हिशेबाला आपण 'हात बसणं' म्हणतो.

मार्चमधल्या त्या रात्री नवलाई होती. दुसऱ्याची महागडी वस्तू म्हणून तुम्ही जपून, सावकाश, बहुतेक शॉट मधोमध मारले असणार. मधोमध मारल्यावर शाफ्ट कुठलाही असो, बॉल जाणारच. पुढच्या आठवड्यात भीड चेपली, साइड सुरू झाली, आणि मेपलचा हिशेब कार्बनवर लागू झाला. नेम उजवीकडे धरलेला, पण व्हाइट डावीकडे सरकलाच नाही. तो 'भलतीकडे' गेला असं तुम्हाला वाटलं. तो सांगितलं तिथेच गेला होता, ताई.

हे पडताळून बघता येतं. दुपारी पार्लर रिकामं असताना एक तास घ्या. टेबलाच्या एका टोकाला व्हाइट मधोमध ठेवा. समोरच्या आखूड बाजूच्या मधल्या ठिपक्याजवळ लाकडी कडेवर चॉकचा ठोकळा ठेवा. आता उजवी साइड देऊन, नेहमीचा नेम धरून, व्हाइट त्या ठिपक्यासमोर कुशनला लागेल असा मारा. जोर मध्यम. जिथे लागेल तिथे मैत्रिणीला कडेवर बोट ठेवायला सांगा आणि वहीत लिहा, इतके बोट डावीकडे, इतके उजवीकडे. असे दहा शॉट. मग डावी साइड, दहा. हे सगळं जुन्या शाफ्टनं, आणि मग दुसऱ्या दिवशी नव्यानं. एकाच दिवशी दोन्ही नको, एकाची सवय दुसऱ्यात झिरपते.

वहीत काय बघायचं? ठिपक्यावर किती लागले ते मोजू नका. दहाही शॉट एका मुठीत मावतात का, ते बघा. नव्या शाफ्टचे दहा एकाच जागी लागले, पण ती जागा ठिपक्याच्या साइडकडच्या बाजूला निघाली, म्हणजे उजव्या साइडला उजवीकडे, तर तुमचा स्ट्रोक सुंदर आहे, फक्त हिशेब जुना आहे. काही आठवड्यांत तो बदलता येतो. दहा शॉट दहा ठिकाणी गेले, आणि दोन्ही शाफ्टवर गेले, तर मग शाफ्टचा विषयच मिटला. मागचा हात कुठेतरी डुलतोय, त्याचं बघावं लागेल.

माझा अंदाज सांगू? जुन्यावर मूठ घट्ट निघेल. तसं झालं तर दिवाळीपर्यंत जुनाच. नवा 11.8 चा शाफ्ट पुसून कव्हरमध्ये घाला आणि आईकडे, बहिणीकडे, कुणाकडेही ठेवायला द्या. विकू नका. घरातही ठेवू नका. हातात असला की एखाद्या वाईट संध्याकाळी लावून बघायचा मोह होतोच, आणि एका तासात महिन्याभराचं बसलेलं पुन्हा उठतं. 2009 मध्ये मी असाच शाफ्ट घेतला होता. सहा महिने दोन्ही वापरले, आज हा, उद्या तो. पार्लरमध्ये माझ्यावर पैज लावणारा एक काका होता. एकदा तर्री-पोहे खाता खाता म्हणाला, "तू कोणता घेऊन आला हे सांग आधी, मग मी पैसे लावतो." तेव्हा डोक्यात उजेड पडला.

आणि जर नव्यावरच मूठ घट्ट निघाली? तर नवा ठेवा आणि जुना आईकडे द्या. मला वाईट वाटणार नाही. कुठला ठेवता याला मी फार महत्त्व देत नाही, एकच ठेवता याला देतो.

लहान हाताबद्दल बोललात म्हणून. बोटाचं कडं करून, म्हणजे क्लोज्ड ब्रिज करून खेळत असाल, तर जाडीचा थोडा फरक जाणवतो. बोटावर उघडा ब्रिज ठेवत असाल तर जवळजवळ नाही. शिवाय तुमच्या 11.8 आणि 13 यांत फरक जेमतेम 1.2 मिलिमीटरचा. त्याहून महत्त्वाचा शाफ्टचा निमुळतेपणा. काही शाफ्ट टोकापासून दहा-पंधरा इंच एकाच जाडीचे राहतात, काही लगेच जाड होत जातात. लगेच जाड होणारा शाफ्ट लहान हाताच्या कड्यात पुढे ढकलताना घट्ट होत जातो, मागे घेताना सैल. हे दुकानात टिपचा आकडा वाचून कळत नाही, दहा मिनिटं ब्रिजमधून पुढे-मागे करून कळतं. मुलींनी बारीकच घ्यावा, हा नियम कुणी केला कोण जाणे. खेळाचे नियम भलतेच उदार आहेत. टिप 14 मिलिमीटरच्या आत, वजन 25 औंसांच्या आत, लांबी 40 इंचांपेक्षा कमी नको. बस. उरलेलं तुमच्यावर सोडलंय.

स्नूकरच्या स्टिकचा सल्ला एका वाक्यात निकालात काढतो. साडेनऊ मिलिमीटरची टिप स्नूकरच्या साडेबावन्न मिलिमीटरच्या बॉलसाठी असते, आणि त्या बारीक अॅश-लाकडाच्या स्टिकनं पूलचा ब्रेक, म्हणजे सुरुवातीचा जोरदार फटका, मारायला गेलात तर एक दिवस पितळी फेरूलखालचं लाकूड चिरेल. आपल्याकडे बरेच जण स्नूकरवरून पूलला येतात आणि तीच स्टिक आणतात, छान खेळतातही, पण ते तिच्याच सोबत वाढलेले असतात. (स्नूकरचा जन्म 1875 मध्ये जबलपुरात झाला असं मानतात, म्हणजे आपल्या शेजारीच, तेव्हा त्या खेळाबद्दल मी वाईट बोलणार नाही.)

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि मला वाचताना सारखी टोचत होती. टिप. दोन वर्षांत टिप बदलली का? आधीच्या मालकानं कधी बदलली होती? तुम्ही शाफ्टवर 19,000 घातले आणि टिपबद्दल एक अक्षर नाही! व्हाइटला शिवते ती टिपच, बाकी सगळं तिच्या मागे उभं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँगो नावाच्या एका फ्रेंच कप्तानानं तुरुंगात असताना स्टिकच्या टोकाला कातडं लावलं, आणि मग कुठे साइड, स्क्रू (व्हाइटला मागे खेचणं) वगैरे प्रकार हातात आले. त्याआधी नुसत्या लाकडानं मारायचे, मधोमध सोडून कुठे मारलं की सटकायचं.

टिप नखानं खरवडून बघा. काचेसारखी चकचकीत आणि कडक झाली असेल तर चॉक तिच्यावर धरत नाही. फेरूलच्या बाहेर छत्रीसारखी पसरली असेल तर कडेनं कापून घ्यावी लागेल. दोन-तीन मिलिमीटरच उरली असेल तर बदलाच. मध्यम कडक टिप घ्या. थराची असेल तर उत्तम, साधी दाबलेल्या कातड्याची असेल तरी चालेल, ती काही शे रुपयांत बसून होते. बसवणाऱ्याला एवढंच सांगा, की घुमट एक रुपयाच्या नाण्याच्या गोलाईचा ठेव आणि फेरूलला कानस लावू नको. एका हुशार माणसानं माझ्या शाफ्टची टिप बदलताना सँडपेपर असा फिरवला होता, की टोक अर्धा मिलिमीटर बारीक होऊन आलं. वरून म्हणाला, "स्मूद करून दिलं, त्याचे पैसे नाही घेतले."

पार्लरमध्ये टाल्कम पावडरचा डबा असेल, त्याच्यापासूनही दूर राहा. घामानं हात चिकटतो म्हणून पोरं मूठभर पावडर फासतात, टेबलाच्या कापडावर पांढरे पंजे उमटतात आणि लाकडाच्या बारीक छिद्रांत पावडर-घामाचा लगदा बसतो. मग शाफ्ट अजून चिकटतो, मग अजून पावडर. तीन बोटांचा हातमोजा घ्या. शाफ्ट रोज खेळून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानं जोरात पुसा, फडकं गरम होईपर्यंत. मळ फारच असेल तर किंचित ओलसर फडकं, आणि लगेच कोरडं.

जूनपासून खेळ पारच बिघडला असं लिहिलंत. जूनमध्ये आणखी काय झालं? पाऊस आला. मे महिन्यातलं कोरडं ठणठणीत कापड आणि पावसाळ्यातलं दमट कापड ही दोन वेगळी टेबलं समजा. व्हाइट जड झाल्यासारखा पळतो, स्क्रू कमी येतो, लांबचा शॉट पोहोचत नाही, म्हणून आपण नकळत जोर वाढवतो, आणि जोर वाढला की साइडचा हिशेब पुन्हा बदलतो. तुमच्या दुखण्यातला थोडा वाटा आकाशाचाही आहे. पार्लरमधल्या इतरांच्या चुका आठवडाभर मोजून बघा. त्यांचेही शॉट आखूडच पडत असतील, फक्त त्यांनी नवा शाफ्ट घेतला नसल्यामुळे त्यांना कुणी विचारत नाही.

एकच स्टिक धरून ठेवण्याबद्दल स्टीफन हेंड्रीची गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्यानं स्नूकरची सातही जागतिक विजेतेपदं एकाच स्टिकवर जिंकली. स्टिक अगदी साधी, किंमत जेमतेम 40 पौंड सांगायचे. 2003 मध्ये विमानप्रवासात ती मोडली. लोक गोष्ट इथेच थांबवतात, डोळे पुसतात आणि म्हणतात, बघा, स्टिकवर जीव असावा लागतो. पुढचं मात्र सांगत नाहीत. त्याच वर्षी ब्रिटिश ओपन त्यानं नव्या स्टिकवर जिंकलं. म्हणजे हात त्याचा होता. पण विश्वविजेत्याला पर्याय नव्हता म्हणून त्यानं बदलली, आणि बदलल्यावर तीच धरली. कपाटात तीन ठेवून रोज सकाळी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. आणि अमेरिकेचा पूल खेळाडू विली मॉस्कोनी, त्यानं 1954 मध्ये सलग 526 बॉल घातले, तेव्हा कमी डिफ्लेक्शन हा शब्दही दुकानांत नव्हता. साधं मेपल होतं.

एवढं बोलून मी कार्बनविरोधी आहे असं समजू नका. कार्बन घ्यायला नागपुरात एक खरं कारण आहे, आणि तुमच्या तीन सल्लागारांपैकी एकानंही ते सांगितलेलं नाही. ते म्हणजे आपली हवा. मेमध्ये भट्टी, जुलैमध्ये ओलं घोंगडं. लाकूड दरवर्षी हे सोसतं, फुगतं, आक्रसतं, हाताला कधी रेशमासारखं लागतं, कधी गोंदासारखं. कार्बनला त्याचं काही नाही. तो जूनमध्ये जसा असतो तसाच डिसेंबरमध्ये. सहजासहजी खरचटत नाही, पुसला की झाला. ज्याला पुढची दहा वर्षं इथेच खेळायचंय, त्यानं या कारणासाठी कार्बन घेतला तर मी त्याला शहाणाच म्हणेन.

तेव्हा स्पर्धा होऊ द्या. नंतर हिवाळ्यात, बोनस हातात असेल, हप्ता नसेल, आणि तरीही मनात असेल, तर घ्या. घेताना आपल्या बटची पिन नीट विचारून घ्या. मित्राचा बसला म्हणून दुकानातला बसेलच असं नाही, एकाच कंपनीतही दोन-तीन प्रकारच्या पिना असतात. जोडल्यावर तोल कुठे येतो ते बोटावर आडवी धरून बघा. शाफ्ट हलका असला की तोल मागे सरकतो आणि तेवढ्यानं हात बिचकतो, तसं वाटलं तर बटमधला वजनाचा बोल्ट बदलता येतो. आणि घेतल्यावर चार महिने कुठलीही स्पर्धा नको. जुना शाफ्ट पुन्हा आईकडे.

दिवाळीपर्यंतचा कार्यक्रम मग फार नाही. या आठवड्यात शाफ्ट लोटून बघणं आणि टिप. पुढच्या आठवड्यात वही आणि दहा-दहा शॉट. त्यानंतर दर खेपेला सामने सुरू करण्याआधी वीस मिनिटं फक्त साइडचे शॉट, एका जोरानं, एका अंतरावरून. जोर आणि अंतर आठवड्यातून एकदाच बदला. कंटाळा येईल. येऊ द्या.

त्या पोराला उत्तर द्यायची गरज नाही. वाटलंच तर त्याला चॉकचा ठोकळा आणून ठेवायला सांगा आणि त्यालाच दहा शॉट मारायला लावा, साइड देऊन.

आणि मित्र गावाहून आला की त्याचा शाफ्ट त्याच दिवशी परत करा. तोवर तो कूलरजवळ ठेवलेला नाही ना, तेवढं आज घरी गेल्यावर बघा. कार्बन असला म्हणून काय झालं, टिप तर कातड्याचीच आहे.